बीम झाकला का?

गुरुवार, ६ मार्च

बसला! सहावा बसला — आणि मी नव्हते!

काल यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून सुट्टी घेतली. वर्षातली पहिली सुट्टी, आणि नेमकी कालच. पाच महिने त्या पोरीच्या शेजारी स्टुलावर बसून पाठीचं लाकूड झालं माझ्या, आणि ऐन वेळी मी कुठे? दवाखान्याच्या बाकड्यावर, यांची चप्पल सांभाळत!

चिमणी दारातच गळ्यात पडली. चिमणी हे नाव मीच ठेवलेलं — खाते तेवढंच, आणि चोच दिवसभर चालू. “मावशी, तीन वाजून दहा मिनिटांनी सरकला! तुमचं नाव घेतलं आणि डिवचलं, लगेच सरकला.” फोनवर फोटो दाखवला. गोलात सहा पांढरे ठिपके. छानच. पण फोटोत बघणं म्हणजे लग्नाला न जाता नुसता अल्बम बघणं.

एका अणूच्या जाडीची कार्बनची चादर असते. तिच्यात सिलिकॉनचे काही अणू इकडेतिकडे अडकलेले. शेजारच्या कार्बनला बीमने — सूक्ष्मदर्शक यंत्रातल्या इलेक्ट्रॉनच्या झोताने — डिवचत राहायचं. डिवचता डिवचता एखाद्या क्षणी दोघं जागा बदलतात — बाकड्यावर एकाने उठून दुसऱ्याला आत सरकू द्यावं, तसे. सिलिकॉन एक घर पुढे. मग पुन्हा डिवचायचं. कधी दहा सेकंदांत सरकतो, कधी दुपारभर ढिम्म. असे सहा जण ओढून-ढकलून गोलात बसवायचे. यंत्र हे एवढं छताला टेकलेलं, आणि काम मुंग्यांना रांगेत उभं करण्याचं!

खरी परीक्षा पुढेच आहे. बसवले, पण बसून राहतात का? चिमणीचा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा आहे. म्हणून नमुना यंत्रातच ठेवायचा, आठ दिवस, व्हॅक्यूममध्ये. मधे कुणी बघायचं नाही. बघायचं म्हणजे बीम टाकायचा, आणि बीम टाकला की धक्का आलाच. आमच्याकडे बघणं आणि हात लावणं एकच.

मॉनिटरवर तिने चिठ्ठी डकवली आहे — ‘१३ तारखेपर्यंत बघू नका. बघणाऱ्याला मावशी मारतील.’ तिच्या खाली माझी जुनी, पिवळी पडलेली — ‘बीम झाकला का?’ अठ्ठावीस वर्षं हेच ओरडत आले. बीम एका जागी उघडा ठेवून मान वळवली की नमुन्याला भोक पडलंच समजायचं. शिकलेसवरलेले चुकतात. मी आले तेव्हा इथे बाटल्या धूत होते, शाळा सातवीपर्यंत. यंत्राच्या बटणांवरून इंग्रजी अक्षरं लावायला शिकले. पण बीम उघडा ठेवून माझी मान आजवर वळली नाही.

३१ तारखेला निवृत्त. त्याआधी गोल टिकलेला बघायचा आणि समाधानाने घरी बसायचं.

शनिवार, ८ मार्च

यांची पट्टी निघाली. पहिलं वाक्य — “अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?” म्हटलं, पट्टी परत बांधते!

रविवार, ९ मार्च
सकाळी १०.४०

सहाही आहेत! डोळ्यांनी बघतेय! असे —

        •      •
    •             •
        •      •

डाव्या बाजूला मळाचा एक डाग आला आहे, चपलेच्या आकाराचा. पण गोलाला शिवलेला नाही. काय देखणे

दुपारी, घरी

वरच्या ओळी माझ्याच. वाचवत नाहीत.

रविवारी तिकडे कुणी नसतं. यंत्राच्या थंड पात्रात द्रव नायट्रोजन भरायचं काम माझं, ते वार बघत नाही. भरलं. हातमोजे काढले. चिठ्ठी समोरच होती. म्हटलं, पाच महिने बसले, सहाव्याच्या वेळी नव्हते, एकदा बघितलं तर काय बिघडणार? सगळ्यात मंद बीम टाकू, एक नजर, की झाकू. माझा हात हलका आहे, सगळेच म्हणतात. मीही म्हणते. तिथेच माती खाल्ली.

बघितले. भरून आलं. रडायला आलं अक्षरशः, मूर्खासारखं. ही वही पिशवीत होती. म्हटलं, काढून ठेवू. नीट दिसावं म्हणून बीम वाढवून गोलाच्या नेमका मधोमध आणला — आणि वहीकडे वळले.

झाकला नाही.

ठिपके काढले, डाग लिहिला, ‘काय देखणे’ लिहिलं आणि सहज वर बघितलं. गोलाच्या जागी भोक. काळं. कडा अजून विरघळत होत्या, एकेक ठिपका आत जात होता. मी बटण दाबेपर्यंत सहावाही गेला.

सगळं मिळून दोन मिनिटं असतील. पाच महिने.

बीम बंद केला. खुर्ची होती तशी लावली. दिवे घालवले. चोरासारखी पायऱ्या उतरले. रखवालदार म्हणाला, “मावशी, आज लवकर?” मी हसले! कुठून आलं ते हसू, देव जाणे.

सोमवार, १० मार्च

वापराचं रजिस्टर माझ्याच हातचं. कोण कधी बसलं, किती वेळ, सगळी नोंद. कालच्या तारखेपुढे लिहिलं — ‘नायट्रोजन भरला. यंत्र बंद.’

अक्षर नेहमीसारखंच आलं. हात कापला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, ११ मार्च

चिमणी म्हणाली, “अजून दोनच दिवस, मावशी!” मी बेसिन घासत बसले. घासलेलंच होतं.

गुरुवार, १३ मार्च

तिने नवा कुर्ता घातला होता. मोठे सर आले — विभागप्रमुख, माणूस फार बोलत नाही. चिमणीने मला आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं. “आज मावशींनी बीम उघडायचा. त्यांचा मान.”

मी उघडला. माझ्याच हातांनी. दुसऱ्यांदा.

पडद्यावर भोक. जागा चुकली असेल म्हणून तिने आजूबाजूला शोधलं. चपलेसारखा डाग सापडला, तो तिच्या फोटोत नव्हता, त्यामुळे क्षणभर आशा लागली तिला. मग शेजारच्या खुणा जुळल्या. जागा तीच. तिची बोटं बटणांवर हळूहळू थांबली.

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मावशी, मधे यंत्राला कुणी हात लावला होता?” साधा प्रश्न. दार सताड उघडं होतं.

म्हटलं, “नाही सर. रजिस्टर बघा.”

त्यांनी रजिस्टर बघितलंसुद्धा नाही! “तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच नाही.” एखाद्याने कानाखाली मारावी, तसं झालं.

चिमणी नंतर संडासात जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन उभी. “मावशी, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं?” म्हणाली. पाणी प्यायली. मी पेला धुतला.

शनिवार, १५ मार्च

यांना आता सगळंच स्वच्छ दिसतं, ही नवी आपत्ती. सकाळपासून टक लावून बघताहेत.

“काय झालंय?”
“काही नाही.”
“चाळीस वर्षं शिलाई केली मी. उसवलेलं लांबून कळतं.”
“अहो, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. मान वर करा.”

मान वर केली की तोंड बंद ठेवतात. तेवढीच सुटका. दिवसातून चार वेळा थेंब. आज पाचदा घातले.

मंगळवार, १८ मार्च

चिमणीने कारण शोधून काढलं. हुशार पोर ती, कारणाशिवाय राहणार कशी! म्हणे सहा जण इतके जवळ बसवले की त्यांनी मधली चादर आपसांत ओढली, ताणली आणि आपोआप फाडली. चार दिवस बसून गणित मांडलं. गणित जुळलं! मोठे सर म्हणाले, “टिकत नाही हेही उत्तरच आहे. लिहून टाक.”

म्हणजे आता प्रबंधात छापून येणार की असा गोल टिकत नाही. तिच्या नावाने. पुढे कुठेतरी कुणी असाच गोल बसवायला घेईल, तिचं पान वाचेल आणि सोडून देईल. कशामुळे? एक बाई चित्र काढत बसली म्हणून.

मी घडलेलं लपवलं होतं. आता नसलेलं काही उभं राहिलंय, आकड्यांसकट. नुसतं गप्प बसण्याने एवढं होतं, हे ठाऊक नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

आज सांगणारच होते. डबा खायला दोघीच. वाक्यही ठरवून ठेवलं होतं — ‘चिमणे, ते भोक माझं आहे.’ पाच शब्द. सकाळपासून भांडी पुसता पुसता घोकले.

ती म्हणाली, “मावशी, हे वाचा ना आधी.” प्रबंधाचं आभाराचं पान. आई-वडिलांच्याही आधी मी. ‘ज्यांच्या हातांवर मी यंत्रापेक्षा जास्त विश्वास ठेवला.’

पाच शब्द राहूनच गेले. ती म्हणाली, “रडताय काय? अजून शुद्धलेखन तपासायचंय!”

मी डबा न खाता परत आणला. यांनी उघडून बघितला, पुन्हा बंद केला.

शनिवार, २२ मार्च

निरोपाची तयारी चाललीय म्हणे. मला कळू न देता. पण शेजारच्या खोलीतला कारागीर, जो नमुना धरायचे होल्डर दुरुस्त करतो, त्याच्या पोटात काही राहत नाही. “मावशी, तुमची ती पिवळी चिठ्ठी आहे ना, ‘बीम झाकला का?’ — ती फ्रेम करून देणार आहेत. काच लावून! मला सांगितलंय काच आणायला. मी काही बोललो नाही हं तुम्हाला.”

घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. कुठे टांगायची ती? रोज बघायची मरेपर्यंत?

कामाची चूक मी करू शकते, हेच मुळात मला मान्य नव्हतं. पोरीचं नुकसान झालं याची लाज आहेच. पण खरं लिहायचं तर त्याच्याआधी आली ती दुसरी लाज — लोक म्हणतील, मावशींनी झाकला नाही! त्या लाजेपायी तोंड बंद ठेवलं मी. पोरीला पुढे केलं आणि स्वतः मागे लपले. या वहीशी तरी खोटं कशाला बोलू.

रविवार, २३ मार्च

यांना सांगितलं. सगळं. थेंब घालून झाल्यावर, डोळे मिटलेले असताना. उघड्या डोळ्यांना सांगवलं नसतं.

मग म्हणाले, “एकदा नवऱ्यामुलाचा कोट जाळला होता मी. इस्त्री ठेवली आणि दारात कोणाशी तरी बोलत राहिलो. कापडच भेसळीचं होतं, असं सांगितलं त्यांना. दुकानदाराशी भांडले ते लोक. लग्नात त्या मुलाने भावाचा कोट घातला, बाह्या आखूड. मी जेवायला गेलो होतो त्या लग्नाला.”

“हे कधी सांगितलं नाहीत?”
“तू कधी विचारलंस?”

हसू आलं, आणि त्यातच रडू. मी म्हटलं, निदान तुम्हाला सांगून हलकं वाटलं.

तर फटकन म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? माझं काय फाटलंय?” डोळे मिटूनच. “त्या कोटवाल्याला सांगायला मी गेलो नाही. आज तो कुठे आहे, ठाऊकही नाही. तुझी पोर उद्या सकाळी आठ वाजता समोर असेल.”

सोमवार, २४ मार्च

आठ वाजता समोर होती. नाही सांगितलं.

मंगळवार, २५ मार्च

शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा. बाहेरून दोघं येणार आहेत प्रश्न विचारायला. सराव म्हणून तिने आम्हाला सगळं बोलून दाखवलं — मोठे सर, कारागीर आणि मी. शेवटच्या चित्रावर ते भोक. भिंतभर मोठं करून. तिने काठी लावून दाखवलं, “इथून चादर फाटायला सुरुवात झाली असावी.” हे सांगताना आवाज एकदम सपाट. ज्या पोरीची चोच बंद होत नव्हती, तिचा!

मोठे सर म्हणाले, “उत्तम.” तिने मान हलवली.

नंतर तारा गुंडाळताना मला म्हणाली, “मावशी, शुक्रवारनंतर मी हे सोडतेय. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची नोकरी मिळतेय.”
“का गं?”
“पाच महिन्यांचं काम आठ दिवसांत आपोआप फाटतं, तर त्यात परत जीव ओतायला माझ्याकडे जीव नाही. तुम्हीही नसणार. एकटीने कशाला?”
“अगं पण एकाच गोलावरून—”
“गणित जुळलं ना मावशी.”

तार माझ्या हातातून सुटली. तिने उचलली, नीट गुंडाळली, जशी मी शिकवली तशी. पहिल्या वर्षी तारांचा गुंता करून ठेवायची.

आपोआप नाही गं. आपोआप काहीच झालं नाही.

बुधवार, २६ मार्च

रजिस्टर उघडलं. ९ तारखेच्या ओळीवर रेघ मारली, खाली लिहिलं — ‘१०.३० ते १०.५०. बीम उघडला. झाकला नाही. नमुना माझ्या हातून नष्ट.’ सही. आजची तारीख.

अठ्ठावीस वर्षांत पहिली खाडाखोड. आता मागे फिरायला जागा ठेवलेली नाही. आधी मोठ्या सरांकडे जाणार होते. दारापर्यंत गेलेही. पण मान त्यांचा नाही, तिचा. ती आज घरी, उजळणीला. उद्या येईल.

यांनी डबा भरताना सांगितलं, “काही झालं तरी डबा खाऊन ये.” हा यांचा आशीर्वाद!

गुरुवार, २७ मार्च

सांगितलं. रजिस्टर पुढे ठेवलं आणि पाचही शब्द बोलले. मग बाकीचे — खुर्ची, रखवालदार, सरांशी बोललेलं खोटं, आभाराचं पान. आभारातून नाव काढ म्हटलं.

ती पांढरी पडली. म्हणाली, “रागवायचंय मला तुमच्यावर, मावशी. खूप. अठरा दिवस! मी तुमच्यासमोर रडत होते!” मी मान खाली घातली. घालायचीच होती.

मी वर बघितलं तर ती रजिस्टरवर बोट ठेवून मोजत होती. पाच, सहा, सात, आठ, नऊ.

“थांबा. तुम्ही बीम टाकलात, तेव्हा आधी काय दिसलं?”

म्हटलं, सहा.

“सहाही? जागेवर? चौथ्या दिवशी?”

सहाही. जागेवर. डावीकडे चपलेसारखा डाग.

“डाग!” ती उभीच राहिली. “मावशी, तो पाच तारखेला नव्हता! तुम्ही खरंच चौथ्या दिवशीच— चादर चांगली होती! टिकत होता!” मग अगदी हळू, मीच पळून जाईन की काय अशी, “कुठे लिहून ठेवलंयत?”

हे तिच्या टेबलावर बसून लिहिते आहे. चार ओळी लिहू दे म्हटलं, मग देते. ती समोर उभी आहे, हात पुढे करून. पान फाडून देऊ का, विचारलं.

“फाडायचं नाही. अख्खी वही द्या.”